सव्वा किलोचा वरवंटा

वस्तू विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण विकत घेण्याआधी वस्तूला घाम फोडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सगळं घर त्यांना मामाजी म्हणतं, लग्नानंतर मीही म्हणायला लागलो. राहायला गोळीबार चौकाजवळ. घराणं विणकरांचं. विशीपर्यंत त्यांनी वडिलांच्या हातमागावर लुगडी विणली आणि मग नोकरी लागली ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात. बत्तीस वर्षं ते इतवारीतल्या दुकानदारांचे काटे तपासत हिंडले. त्यामुळे वस्तू डोळ्यांनीही पाहता येते हे त्यांना मान्यच नाही. वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे, हात दोनदा खालीवर करायचा आणि मग मत द्यायचं. छत्री घ्यायला त्यांना तीन पावसाळे लागले. दोन पावसाळे दुकानात छत्र्या जोखण्यात गेले आणि तिसऱ्यात पसंत पडली तेव्हा दिवाळी चार दिवसांवर आली होती. संत्रं हातात घेऊन ते आत किती फोडी असतील ते सांगतात, आणि विकणाऱ्या बाईला पटलं नाही तर तिथल्या तिथे सोलून मोजून दाखवतात. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळ्यांनी माझं शिक्षण विचारलं, पगार विचारला. मामाजींनी फक्त माझा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला, डोळे मिटले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "पोराचा हात हलका हाये वं, पण चालून जाईन!" त्या शेऱ्यावर माझं लग्न झालं.

चारेक वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचाच उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण हे जाणारही नाही, हळूहळू वाढत जाईल. झालं! मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. सुनेनं दाढीचं सामान उचलून ठेवलं आणि गल्लीतल्या न्हाव्याला घरी यायला सांगितलं. नातीनं तर पत्त्यांच्या डावात त्यांचे पत्तेसुद्धा आपणच धरायला सुरुवात केली, आणि मग साहजिकच ती रोज जिंकायला लागली. मामीजींनी चहाचा कप अर्धाच भरायला घेतला, म्हणजे सांडायला नको. हे सगळं सगळ्यांनी प्रेमापोटीच केलं, आणि म्हणूनच मामाजींना कुणाशी भांडताही येईना. बाकी सगळं त्यांनी सोसलं. तो अर्धा कप मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागला. एकदा मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, ज्यानं बत्तीस वर्षं लोकायचं माप पाहिलं, त्याले आता घरातच अर्धं माप भेटून राहिलं."

मी त्या वेळी दर रविवारी उमरेड रस्त्याकडच्या एका नेमबाजी क्लबात जात असे. निव्वळ हौस, माझा नेम असा की शेजारच्या माणसाला त्याच्या कागदावर एखादं भोक फुकट मिळावं. मामाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मले बी घेऊन चला." मला वाटलं, बसतील झाडाखाली, पाहतील. पण त्यांनी घरी जाहीर करून टाकलं की जानेवारीत क्लबाची स्पर्धा आहे, त्यात हौशी ज्येष्ठांचा गट आहे, आणि त्यात आपण पिस्तूल चालवणार आहोत. मामीजी पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या, "चहा सांडते त फडक्यानं पुसता येते. गोळी सांडली त काय पुसू?"

"नंबर आला त मले पुरा कप देजो वं," मामाजी म्हणाले.

"आणा नंबर, घ्या कप," मामीजी म्हणाल्या, आणि पोळी तव्यावर टाकली.

क्लबाच्या कपाटात पाच पिस्तुलं होती, सगळी पॉइंट टू टूची. हे काडतूस करंगळीच्या एका पेराएवढं असतं आणि त्याच्या बुडाच्या कडेवर टोला बसला की पेटतं. गोळी सुटली की रिकामं टरफल आपोआप बाहेर उडतं, पुढचं काडतूस आपोआप आत येतं. आपण फक्त दर वेळी चाप ओढायचा. क्लबाचा नियम असा की पाचांतलं एक पिस्तूल निवडायचं, वहीत आपल्या नावापुढे लिहायचं आणि वर्षभर तेच चालवायचं. मग बदल नाही. लोक पाच मिनिटांत निवडतात. मी रंग पाहून निवडलं होतं. मामाजींना सात रविवार लागले. पहिले दोन रविवार तर शिकवणाऱ्या सुभेदारसाहेबांनी त्यांच्या हाती काडतूसच दिलं नाही. रिकामं पिस्तूल देऊन बाजूला उभे राहिले आणि हात कितीही थरथरला तरी नळीचं तोंड समोरच्या मातीच्या बांधावरून हलतं का ते पाहत राहिले. दुसऱ्या रविवारी म्हणाले, "काका, हाथ हिलता है, पर मुँह उधरीच रहता है. चलेगा. लेकिन हल्कावाला लो." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या हाताला हलकं पिस्तूल, यात विचार तो काय करायचा?

तिसऱ्या रविवारी मामाजी पिशवीतून आपला जुना स्प्रिंगचा काटा घेऊन आले. नोकरीतून निवृत्त होताना लोकांना शाल मिळते, त्यांनी हा काटा मागून घेतला होता. त्याचा आकडा त्यांनी पिस्तुलाच्या चापात अडकवला आणि चाप सुटायला किती वजन लागतं ते पाचही पिस्तुलांचं कागदावर टिपलं. दोन पिस्तुलांच्या डब्यांवर छापलेलं वजन एक आणि काट्यावरचं दुसरंच निघालं, तेव्हा त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता हे क्लबाला सील ठोकतात. सुभेदारसाहेब चकित झाले. मोठ्या स्पर्धांत चापाचं वजन खरोखरच तपासतात म्हणे, पण घरून काटा घेऊन येणारा सभासद त्यांनी पाहिला नव्हता. चौथा आणि पाचवा रविवार काडतुसांत गेला. ही आपोआप भरणारी पिस्तुलं खाण्याच्या बाबतीत फार नखरेल. एका बनावटीचं काडतूस मुकाट्यानं गिळतात आणि दुसऱ्याचं घशात अडकवून बसतात. कोणत्या पिस्तुलाला काय मानवतं ते मामाजींनी स्वतः चालवून लिहून काढलं, आणि वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्यासारखंच हाये हे. वांगं दिलं त उठून जाते."

पाच पिस्तुलांतलं एक कपाटाच्या तळाशी पडलेलं असे. जुनं, लांब जाड नळीचं, लाकडी मुठीवर ओरखडे, वजन सव्वा किलोच्या वर. क्लबात त्याला वरवंटा म्हणत आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवत. सातव्या रविवारी मामाजींनी तो उचलला. डोळे मिटले. हात समोर लांब केला. इतर पिस्तुलांच्या वेळी त्यांच्या हातात नळी नुसती फडफडायची; या वेळी ती एकदा डुलली, दोनदा डुलली आणि मग सावकाश, अगदी लहानशा गोलात फिरत राहिली. मामाजींनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. "बापाच्या मागावर आडवं सूत घेऊन पळणारा धोटा आठवला, जावईबापू," ते म्हणाले. "हलका धोटा सुतात उड्या मारते. जड धोटा आपल्या रस्त्यानं जाते. हेच लिहा माह्या नावावर." सुभेदारसाहेबांनी दोनदा विचारलं, मग नाइलाजानं लिहिलं. चहा पिताना सगळा क्लब हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. धोट्याची ती गोष्ट मामाजींनी त्या रात्री मामीजींनाही ऐकवली.

जानेवारीतल्या त्या रविवारी मामाजींचं सगळं घर आलं होतं. मामीजी पहिल्या रांगेत, मांडीवर फडकं घेऊन; कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येकी दहा गोळ्या, पंचवीस मीटरवर कागद, आणि ज्येष्ठांना दोन्ही हातांनी पिस्तूल धरायची मुभा. मामाजींच्या आधी इतवारीतले एक सराफ होते, ज्यांचा काटा मामाजींनी पूर्वी एकदा सील केला होता. त्यांच्याकडे क्लबातलं सर्वांत हलकं, चकचकीत पिस्तूल होतं. सहा गोळ्या सुरेख गेल्या, सातवं काडतूस घशात अडकलं. नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळाली, पण मन एकदा बिघडलं ते बिघडलंच. एकूण गुण एक्क्याऐंशी. मामाजींच्या वहीत त्या पिस्तुलापुढे ते काडतूस कधीच खोडलेलं होतं.

मामाजी पुढे झाले, वरवंटा उजव्या हातात घेतला आणि डावा हात पँटच्या खिशात घातला. सुभेदारसाहेब म्हणाले, "काका, दोनों हाथ!" मामाजी समोरून नजर न काढता म्हणाले, "डाव्यावर कोणी शक घेतला का? परीक्षा उजव्याची हाये." आणि मग मी जे पाहिलं ते आजही सांगताना माझ्या अंगात बळ येतं. आम्ही सगळे हात थांबायची वाट पाहतो, क्षणभर थांबला की घाईनं चाप ओढतो आणि तिथेच चुकतो. मामाजींचा हात थांबणारच नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांना घाईच नव्हती. नळी आपल्या लहानशा गोलात फिरत होती, बोट सुताला ताण द्यावा तसं सावकाश मागे येत होतं, आणि गोळी केव्हा सुटली ते बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. नऊ. आठ. नऊ. सात. पुन्हा नऊ. दहावी गोळी सुटली तेव्हा सराफ स्वतःच बोटांवर बेरीज करत होते. चौऱ्याऐंशी! मुलगा ओरडला, सून ओरडली, नात खुर्चीवर चढून नाचली, सुभेदारसाहेबांनी मामाजींना खाडकन सॅल्यूट ठोकला, आणि ते सराफच पहिल्यांदा पुढे येऊन म्हणाले, "साहेब, आपला काटा बरोबर आहे!" मामाजींची मान इतकी ताठ मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

बक्षीस म्हणून सोनेरी रंगाचा करंडक होता, आतून पोकळ. मामाजींनी तो उजव्या हातात घेतला मात्र, आणि हात असा थरथरला की करंडकाचं झाकण खडखडा वाजायला लागलं. मामाजी बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांना म्हणाले, "वजनात कमी हाये, साहेब. तक्रार करा लागन." सगळे हसले. मामीजी हसल्या नाहीत. त्या कधी करंडकाकडे आणि कधी टेबलावर ठेवलेल्या वरवंट्याकडे पाहत होत्या.

संध्याकाळी घरी मामीजींनी चहा आणला. अर्धा कप. मामाजी कपाकडे पाहतच राहिले. "नंबर आला न वं?" ते इतक्या लहान आवाजात म्हणाले की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मामीजी एवढंच म्हणाल्या, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीजींचा मला फोन आला, "जावईबापू, गाडी काढा." आम्ही इतवारीतल्या भांड्यांच्या ओळीत गेलो. दुकानदारानं स्टीलचे, काचेचे, नक्षीचे पेले पुढे मांडले. मामीजी एकेक पेला उचलत, डोळे मिटत, हात दोनदा खालीवर करत आणि खाली ठेवत. सहाव्या दुकानात दुकानदार वैतागून म्हणाला, "काकू, पेल्यात प्यायचं आहे की व्यायाम करायचा आहे?" मामीजींनी पुढचा पेला उचलला. शेवटी मागच्या फळीवरून काशाचा एक जाड बुडाचा, ओबडधोबड, बापजाद्यांच्या काळचा पेला निघाला. डोळे मिटून त्यांनी तो जोखला आणि मला म्हणाल्या, "हा आपल्या रस्त्यानं जाईन."

त्या दुपारी त्यांनी तो काठोकाठ भरला. मामाजींनी उचलला. चहा काठाशी डुलला, पुन्हा डुलला, आणि मामाजींच्या ओठांपर्यंत पोचला. बशीत एक थेंब नव्हता. मामीजींनी आणलेलं फडकं तसंच घडी करून खांद्यावर टाकलं आणि त्या आत निघून गेल्या.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं आहे. हात दर वर्षी थोडा जास्त थरथरतो. मामीजी दर वर्षी इतवारीत जातात आणि आधीच्यापेक्षा जड पेला शोधून आणतात. मामाजींच्या फडताळात आता असे तीन पेले आहेत. परवा गेलो तेव्हा तिसऱ्यात चहा होता. तो स्वयंपाकघरातून आणायला मामीजींना दोन्ही हात लावावे लागले. मामाजींनी तो एका हातानं घेतला. डावा हात खिशात होता.