जे. पी. नगरमधला सांगाडा

बंगळुरात जे. पी. नगरमध्ये आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा माझ्या नवऱ्याला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं हे लोखंडी शेडचे नकाशे काढत होते, आणि त्यांतली एकही शेड उभी राहिलेली यांनी जाऊन पाहिली नव्हती. त्यामुळे यांचा आत्मविश्वास अगदी कोरा होता. विटांवर स्लॅब टाकणं ही जुनाट पद्धत. आधी लोखंडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा करायचा आणि मग हव्या तिथं भिंती भरायच्या, असं यांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. सासऱ्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"आपलं घराणं तीनशे वर्षं या मुलखात आहे," ते म्हणाले. "पिंजऱ्यात राहायला अजून कुणी गेलं नव्हतं."

मग मेस्त्री शोधणं सुरू झालं. पहिल्यानं नकाशा पाहून पेट्रोल बंक, म्हणजे पंप, कधी उघडणार म्हणून विचारलं. दुसरा 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत चहा पिऊन गेला तो गेलाच. तिसरा पाया आणि विटकाम करायला तयार होता. लोखंडाला मात्र हात लावणार नव्हता, कारण त्यावर वीज पडते. तेव्हा सांगाडा आपणच जोडायचा असं ठरलं. आपण म्हणजे हे आणि मी. मी हायस्कुलात गणित शिकवत होते. एवढी पात्रता यांना पुरेशी वाटली.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या, यांनीही रजा काढली. कामाचं वेळापत्रक यांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं. त्यात पाऊस नव्हता. बंगळुरात ऑक्टोबरमध्ये दुपारी काय होतं हे रस्त्यावरचा फुलवालाही सांगेल. पण अठरा वर्षं हे त्या वेळी ऑफिसात असत.

तीनच्या सुमारास आभाळ भरून यायचं आणि पायाचे खड्डे काठोकाठ भरायचे. सकाळी आम्ही ते बादल्यांनी उपसायचो. तिवईला चेन-पुली अडकवून एकेक खांब उभा करायचो. हे साखळी ओढायचे आणि मी खांबाचं बूड धरून पायाच्या काँक्रीटमधल्या बोल्टांवर बसवायचे. यांच्या नकाशाला प्लास्टिकचं आवरण होतं. मला नव्हतं.

तीन खांब बसले. चौथ्याची भोकं बोल्टांवर येईनात. चारांपैकी दोनच बोल्ट आत गेले. मी टेप घेतली आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्यापेक्षा दोन इंचांनी मोठा निघाला. यांचं म्हणणं पडलं की टेप भिजून लांबली असेल. मी पुन्हा मोजून दाखवलं, तेव्हा जमीन सरकली असेल म्हणाले.

"नकाशात बरोबर आहे," हे शेवटी म्हणाले.

"मग नकाशातच राहायला जाऊ."

त्यानंतर दिवसभर आमच्यात फक्त पान्यापुरतं बोलणं झालं. खांब तसाच दोन बोल्टांवर उभा राहिला. वर तुळया एकेका बोल्टानं अडकवल्या. सांगाडा ताठ धरणारे तिरके गज आजच लावू या, असं मी सुचवून पाहिलं. पण ते वेळापत्रकात पुढच्या आठवड्यात होते.

दुसऱ्या दिवशी पावसाआधी वारा आला. सिमेंटची पोती ठेवलेल्या खोपटावरचा पत्रा उडून रस्त्यापलीकडे गेला आणि सांगाडा करकरत डोलायला लागला. माझ्या नवऱ्यानं काय केलं, तर धावत जाऊन चौथ्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"अहो, सोडा तो," मी म्हणाले. "तो पडला तर तुमच्यासकट पडेल."

हे सोडेनात. मी समोर पळाले. तिथं गाई पाळून दूध विकणाऱ्या एक अक्का राहत होत्या. खुंटीवरची सगळी दावी आणि एक दोरखंड खांद्यावर टाकून त्या भर पावसात आल्या, यांना मनगट धरून बाजूला केलं आणि मोकळं टोक यांच्या हातात दिलं. आम्ही तिघांनी मिळून तो खांब एका बाजूनं प्लॉटच्या कोपऱ्यातल्या करंजाला आणि दुसऱ्या बाजूनं कुंपणाच्या दगडी खांबाला बांधला. दोर ओढताना माझे तळवे सोलले. अर्ध्या तासानं वारा पडला. सांगाडा जरा कलला होता, पण उभा होता. गाई तर रोजच बांधते, घर पहिल्यांदाच बांधलं, असं अक्का कन्नडमध्ये म्हणाल्या आणि धारा काढायला निघून गेल्या. मला हसू आलं.

सकाळी यांनी माझ्या आधी उठून दोन्ही कर्ण मोजले. दोनदा. चौथ्या खांबाचं बूड बोल्टांवरून उचलून चिखलात पोतं अंथरून बसले आणि दोन दिवस कानशीनं घासून भोकं लांबट केली. तिरके गज त्याच आठवड्यात लागले. मग सुधारलेला नकाशा माझ्यासमोर आला. कोपऱ्यात बदलाचं कारण लिहिलं होतं, 'जागेवरील परिस्थिती'. कसली परिस्थिती, मी विचारलं.

"तू," हे म्हणाले.

दिवाळीनंतर पाऊस हटला. गंज खरवडून आम्ही लाल रंगाचे दोन हात दिले, तिसऱ्या मेस्त्रीनं भिंती भरल्या, आणि युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी आम्ही राहायला आलो. गिलावा अर्धा बाकी होता, मोरीला दार नव्हतं. सामान लावून झाल्यावर दुपारी मी हॉलमध्ये एकटीच उभी होते. मला या घराचा फार अभिमान वाटला. यांना तो सांगितला नाही. यांना स्वतःचाच पुरेसा होता.