भिंतीवरचा जंटलमन

"पणज्याक खाली उतरवचो नाय," असं तिसऱ्यांदा सांगून भाऊ त्या स्टुलावरच बसले. घरात उंच स्टूल तेवढं एकच होतं.

मी मुंबईतल्या एका लिलाव कंपनीत व्हॅल्युअर आहे. जुनं फर्निचर, चिनी मातीची भांडी, चित्रं तपासायची, ती खरंच किती जुनी आहेत ते ठरवायचं आणि कॅटलॉगमध्ये लिहायचं, हे माझं काम. माहेर सिंधुदुर्गातल्या नांदगावचं, त्यामुळे तिकडून फोन आला की ऑफिसात सगळे माझ्याकडे बघतात. या वेळी फोन वेंगुर्ल्याहून होता, शालूआत्यांचा. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. भाऊ त्यांचे भाचे, साठीचे, काजूची फॅक्टरी चालवणारे. दोघं एकाच घरात राहतात आणि घरातलं सामान दोघांच्या मालकीचं.

आत्यांचे गुडघे दुखायचे. त्यांना खाली, खोलीला लागून बाथरूम बांधायची होती. त्यासाठी शिसवी कपाट, निळ्या-पांढऱ्या चिनी बशा आणि माजघरातलं तैलचित्र विकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. कपाटाला भाऊंची हरकत नव्हती. बशांमध्ये कोकमाची सोलं वाळत घातलेली होती, ती सुपात काढायला त्यांनीच मदत केली. अडलं ते चित्रापाशी.

चित्र होतं मात्र देखणं. लाल पगडी, पांढरा अंगरखा, हातात काठी, नजर थेट समोर. हे भाऊंचे पणजोबा, फत्तेमाऱ्यांचे, म्हणजे मालवाहू शिडाच्या गलबतांचे मालक. मी पोचल्या पोचल्या फोटो काढून आमच्या साहेबांना पाठवला होता.

साहेबांचा लगेच फोन. "प्रॉव्हेनन्स?"

प्रॉव्हेनन्स म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, याचा इतिहास. तो पक्का असला की किंमत चढते.

"एकाच घरात चार पिढ्या," मी म्हणाले.

"कॅटलॉगच्या कव्हरवर घेतोय. प्रिंटरला सांगतो."

आता कव्हर ठरलं होतं आणि चित्राचे अर्धे मालक स्टुलावर बसले होते.

"भाऊ, इकूचा नंतर बगू," मी म्हटलं. "माका फक्त पाठ बघूची आसा. वाळवी लागली असली तर?"

वाळवी म्हटल्यावर ते उठले. स्वतःच चढले, चित्र उतरवलं, आधी नमस्कार केला आणि मग पाटावर पालथं ठेवलं.

"रोज ह्येंका नमस्कार करून मी फॅक्टरीत जातंय," ते म्हणाले. "आणि नाक बगलास? आमच्या घराण्यात सगळ्यांचा ह्याच नाक."

मी त्यांचं नाक बघितलं. पटण्यासारखं होतं.

फ्रेमच्या मागे जाड खाकी कागद चिकटवलेला होता. मी तो एका बाजूने अलगद सोडवला. आत लाकडावर एक जुनी छापील चिठ्ठी होती. मुंबईच्या कुठल्याशा लिलाववाल्याचं नाव, त्याखाली लॉट नंबर. लॉट म्हणजे लिलावात एका बोलीला निघणारा माल. आणि त्याखाली इंग्रजीत शाईने लिहिलेलं: पोर्ट्रेट ऑफ अ जंटलमन. म्हणजे कुणा एका गृहस्थाचं चित्र, नाव माहीत नाही.

मी दोनदा वाचलं. भाऊंनी चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्या चित्र लिलावात घेतलेला आसा, भाऊ. ह्ये कोण, ता विकणाऱ्याकच म्हायत नव्हता."

भाऊंचा हात हळूच नाकाकडे गेला. मला फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "इकून टाका. आजच न्हेवा. आणि कॅटलॉगात वेंगुर्ल्याचा नाव घालू नकात."

मी आत्यांकडे बघितलं. त्या शांतपणे सुपातली सोलं निवडत होत्या.

"आत्या, तुमका म्हायत होता?"

"माका आजयेन सांगलेला," त्या म्हणाल्या. "आजो, म्हणजे भाऊचो पणजो, मुंबैक गेलो, स्वतःचा चित्र काढून घेवक. चितारी म्हणालो, दहा दिवस समोर बसाक व्हया. आज्याक दहा दिवस बसाक वेळ खंय? गलबत भरून तयार. येताना लिलावात ह्यो तयार गावलो, तो घेवन इलो."

"आणि घरात काय सांगितलं?"

"आजी म्हणाली, ह्यो कोण? आजो म्हणालो, मी. आजयेन चित्राकडे बगल्यान, आज्याकडे बगल्यान आणि म्हणाली, बरो दिसतास."

भाऊंनी पाटावरचं चित्र सुलटं केलं आणि त्या चेहऱ्याकडे बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले. मग ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आणि नाक गो, आत्ये?"

"नाक तुझ्या आवशीचा, तिच्या माहेरचा."

भाऊंनी चित्र उचललं, स्टुलावर चढले आणि होतं तिथे टांगलं. "पणज्यान स्वतः पसंत केलेलो," ते वरूनच म्हणाले. "तेका इकूचो कसो?"

आत्या हरकत घेतील असं मला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "डाव्या बाजून वाकडो झालो. सरळ कर."

मी अंगणात जाऊन साहेबांना फोन लावला.

"चित्र मिळणार नाही, सर."

"का?"

"तो त्यांचा पणजोबा नाही."

"मग विकायला काय हरकत आहे?"

मी समजावायचा प्रयत्न केला. साहेब मध्येच म्हणाले, "तू जेवून घे, मग फोन कर." जेवून फोन केला. तरी त्यांना कळलं नाही. कव्हर बदलण्याबद्दल प्रिंटर मला काय म्हणाला, ते इथे लिहीत नाही.

कव्हरवर शेवटी चिनी बशा गेल्या. सोलांचे लाल डाग काढायला आमच्या माणसाला दोन दिवस लागले, पण बशा अंदाजापेक्षा चांगल्या गेल्या. कपाटही गेलं. आत्यांची बाथरूम झाली. तिच्यात धरायला दोन दांडे आहेत, असं त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

मी या कामात वीस वर्षं आहे. हल्ली कुठलंही चित्र दिसलं की आधी त्याची पाठ बघते आणि मगच साहेबांना फोटो पाठवते.