आबांसाठी निवडलेली पुस्तकं

आमच्या गल्लीच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय होतं आणि तिथल्या पुस्तकांना हात लावायची कुणालाही मुभा नव्हती. कपाटं कुलपात, किल्ल्या ग्रंथपालांच्या कंबरेला. वाचकानं टेबलासमोर उभं राहायचं, काय हवं ते सांगायचं, आणि मिळेल ते मुकाट्यानं घरी न्यायचं. धुळ्यात तेव्हा टीव्ही नुकते कुठे घरोघर येत होते, त्यामुळे पुस्तकासाठी रांग लागायची आणि रांगेत भांडणंही व्हायची.

ग्रंथपालांना सगळे नाना म्हणत. नानांच्या खुर्चीमागे भिंतीला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर ते स्वतः वाचून पसंत केलेली पुस्तकं ठेवायचे, खाकी कव्हर घालून, पाठीवर नुसता नंबर. नाव दिसायचं नाही. नाना माणसाकडे चष्म्यावरून बघायचे, मान हलवायचे आणि फळीवरचं एखादं काढून द्यायचे. कुणी म्हणालं की नाना, दुसरं द्या, तर म्हणायचे, "आधी हे वाच, मग माझ्याशी भांड." वाचणारा भांडायला क्वचितच यायचा. मला मात्र त्यांचा हा तोरा अजिबात आवडायचा नाही. पोळ्यांसारखी पुस्तकं वाढायची काय?

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नानांच्या फळीचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूळचे नरडाण्याकडच्या खेड्यातले, शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. घरात कुणी वारलं तरी त्यांच्या डोळ्याला पाणी यायचं नाही. पण पुस्तक वाचताना ते लहान मुलासारखे रडायचे. त्यांना रडवणारीच पुस्तकं लागायची. परत द्यायला गेले की नानांना सांगायचे, "नाना, एक रुमाल लागना," किंवा खूपच आवडलं असेल तर, "दोन रुमाल." नाना खूश व्हायचे आणि त्याहून दुःखी पुस्तक शोधून ठेवायचे. आई म्हणायची, "घरमा कमी रडं शे का, ते पैसा भरीसन आनतस?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आबांचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग वैद्य झाला, मग जळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काहीच न काढता शिवून टाकलं. माझ्या मोठ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ सगळीकडे पसरली आहे, आता घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. भावानं आम्हाला दवाखान्याच्या व्हरांड्यातच बजावलं, आबांना कळता कामा नये. अल्सर होता, काढला, असं सांगायचं. माणूस रोगानं मरत नाही, धसक्यानं मरतो. आईनं मान डोलावली. तेव्हा सगळीच घरं असं करत, आम्ही काही जगावेगळं केलं नाही.

घरी आल्यावर आबांनी पहिली गोष्ट मागितली ती पुस्तक. ते बदलायला मी गेले. नानांनी विचारलं, "कसे आहेत?" मी अल्सर म्हणायला तोंड उघडलं आणि भर वाचनालयात रडायला लागले. लोकांसमोर रडणं मला मरणासारखं वाटतं, तरी थांबता आलं नाही. नाना एकदम उठले. फळीवरून एक जाडजूड पुस्तक त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, ते परत जागेवर सारलं. मग कपाट उघडून बराच वेळ शोधलं आणि एक विनोदी पुस्तक हातात दिलं. "हे ने. आता त्यांना हसू दे."

आबांनी ते वाचलं. मग दुसरं नेलं, तेही गमतीचं. मग एक प्रवासाचं, त्यात लोक खातात-पितात आणि गाड्या चुकवतात. नानांनी आजाऱ्यासाठी नियमच करून टाकला होता, ज्यात कुणी मरतं ते द्यायचं नाही. मला त्या वेळी नानांबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं. त्यांचा तोरा वगैरे सगळं मी विसरले.

एक दिवस आई नळावर गेली होती. आबांनी पुस्तक मिटून पोटावर ठेवलं आणि मला जवळ बोलावलं.

"तू नानाले काय सांगं?"

"काही नाही. अल्सर म्हटलं."

"नाना मना दोस्त शे," आबा म्हणाले. "त्याले माहीत शे माले काय आवडस. आते तो माले हसाडाले लागना. मंग मी काय समजू?"

इतके डॉक्टर, इतके नातेवाईक, कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि नानांच्या चांगुलपणानं सगळं सांगून टाकलं होतं. मला आबांचा हातही धरता आला नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

"तुनी मायले सांगू नको," आबा म्हणाले. "ती मोडी जाई."

आई नळावरून आली, हंडा उतरवला, मला चुलीपाशी बोलावून हळूच म्हणाली, "त्यासले काही समजनं नही ना? समजू देऊ नको, बाई."

त्या दिवसापासून मी दोघांच्या मधली भिंत झाले. एकीकडून आबा, दुसरीकडून आई, आणि घर एकच खोलीचं. आबा विनोदी पुस्तक उघडून मुद्दाम मोठ्यानं हसायचे, आईला ऐकू जावं म्हणून. हसताना टाके दुखायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं. आई चुलीपाशी म्हणायची, देवाची कृपा, माणूस आनंदात शे. मला दोघांचाही संताप यायचा. इतकी वर्षं संसार केला, आणि आता एकमेकांपासून लपत होते.

मी नानांकडे गेले आणि त्यांच्यावरच उखडले. "तुमच्यामुळे कळलं त्यांना." नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा पार उतरला. बिचाऱ्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. म्हणाले, "मग आता काय देऊ?"

"रडवणारं द्या."

त्यांनी फळीच्या अगदी कडेचं पुस्तक काढलं. म्हणाले, "हे माझं सगळ्यात आवडतं. आजाऱ्याला कधी दिलं नव्हतं." त्यात एक म्हातारा शाळामास्तर मरायला टेकतो आणि बायकोला जवळ बसवून मनातलं सगळं सांगतो, काय आवडलं, काय खुपलं, कशाची माफी मागायची राहिली. मी ते रस्त्यातच चाळलं आणि ठरवलं की दोघांसमोर मोठ्यानं वाचायचं.

तोवर आबांच्या हातात पुस्तक धरायचं बळ राहिलं नव्हतं, त्यामुळे वाचून दाखवण्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मी दुपारी वाचायची. आई भिंतीला टेकून लसूण सोलत बसायची. मास्तरांचं ते प्रकरण आलं तशी मी आवाज जरा वाढवला. आबा पुस्तकाकडे नव्हे, आईकडे बघत होते.

"ऐकस का?" त्यांनी आईला विचारलं.

आईचे हात थांबले.

"माले तुले काही सांगनं शे."

मी पुस्तक खाली ठेवलं. आता हे बोलतील आणि आई रडेल, मग मीही रडेन, आणि या घरात निदान एकदा तरी खरं बोललं जाईल, असं मला वाटलं.

आई उठली. लसणाची सालं पदरात गोळा केली. "आधी पेज पी ल्या," म्हणाली, "थंडी व्हई जाई." आणि चुलीकडे वळली. तिची पाठ थरथरत होती, ते मला दिसलं. आबांनाही दिसलं असेल. पेज आली, त्यांनी दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी भाऊ आला, त्यानं ते पुस्तक पाहिलं, आणि माझ्यावर जे तोंडसुख घेतलं ते आजही आठवतं. आजाऱ्यासमोर मरणाची पुराणं वाचतेस, अक्कल आहे का? तो पुस्तक घेऊन तडक वाचनालयात गेला आणि नानांनाही चार लोकांत बोलला. येताना हसवायचं पुस्तक घेऊन आला. आबांनी ते उशाशी ठेवलं, उघडलं नाही. पुन्हा कधी काही सांगायचंही म्हणाले नाहीत. आठवडाभरात गेले. शेजारच्या बायका उशाचं पुस्तक बघून म्हणाल्या, हसत-खेळत गेला हो माणूस.

दहाव्याला सगळे पांझरेच्या काठी गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली एकही येईना. मग सुरू झालं. भाऊ हात जोडून म्हणाला, आबा, आईला सांभाळीन. कावळा नाही. बहिणीचं लग्न करून देईन. नाही. चुलते म्हणाले, आणखी काही राहिलं असेल त्याच्या मनात, आठवा. जो तो डोकं खाजवून आबांची इच्छा शोधत होता. जिता-जागता माणूस समोर होता तोवर कुणी ऐकून घेतलं नाही, आणि आता सगळं खानदान कावळ्याच्या तोंडाकडे बघत उन्हात उभं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

आम्ही बायका लांब उभ्या होतो. आईनं माझं मनगट धरलं.

"त्यासले काय सांगनं व्हतं? तुले माहीत व्हई."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तिनं माझा हात सोडला आणि पुरुषांच्या मधून वाट काढत सरळ पिंडापाशी गेली. कुणीतरी म्हणालं, अक्का, मागे व्हा. तिनं ऐकलं नाही. वाळूत बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आते बोला. मी ऐकस."

बराच वेळ ती तशीच बसून होती. कावळा आला नाही. ऊन वाढलं तसे भटजी घाई करू लागले, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही आईला धरून उठवलं.