मचव्यातलं निळं पिंप

आमच्या आईला प्रवासात पाणी न पिण्याची सवय होती. तिलाच कशाला, आमच्याकडच्या सगळ्याच बायकांना होती. एस.टी.ने कुठे जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून तांब्याला हात लावायचा नाही, सकाळचा चहा अर्धा कप, आणि उतरल्यावर ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या अंगणातून थेट परसात. यात काही सोसणं आहे असं कुणी म्हणत नसे. मी रत्नागिरीत एका कचेरीत टंकलेखिका होते. तिथे बायकांसाठी सोय नव्हती, म्हणून मीही दिवसभर कोरडीच असायचे.

आईचं हृदय थकलं तेव्हा डॉक्टरांनी तिला अंगात साठणारं पाणी लघवीवाटे काढून टाकायच्या गोळ्या दिल्या. सकाळी एक, दुपारी एक, आणि त्या चुकवायच्या नाहीत अशी ताकीद. गोळी घेतली की तिला तासातासाला उठावं लागे. तिथून तिची एस.टी. सुटली ती कायमची. माहेर तिचं राजापूरच्या खाडीच्या काठी. रत्नागिरीहून राजापूर, तिथून दुसरी गाडी, पुढे चाल. त्या वाटेवर मध्येच गाडी थांबवा म्हणून कंडक्टरला सांगणारी बाई अजून जन्मायची होती. चार वर्षं ती माहेरी गेली नाही. मग तिच्या एकुलत्या एका भावाला, माझ्या मामाला, अर्धांगाचा झटका आला. त्याची वाचा गेली. मामीने पोस्टकार्ड पाठवलं, की तो दाराकडे बघत असतो, एकदा येऊन जा. आईने ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, जाईन कधीतरी.

बाबा तीस वर्षं परदेशी जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात फिटर होते. सेवानिवृत्त होऊन आले ते तेलाच्या वाफेत नाक घालवून. मासळी नासली तरी त्यांना कळायचं नाही, आणि आई म्हणायची की म्हणूनच माझ्या हातचं जेवण गोड लागतं. आल्यावर वर्षभरात त्यांनी जयगडहून एक जुना शिडाचा मचवा विकत आणला. पूर्वी तो कौलं वाहायचा, मग ट्रक आले आणि तो काठावर वाळत पडला. लोक म्हणाले, फिटरला म्हातारचळ लागला. मीही तेच म्हटलं, फक्त घरात म्हटलं. पोस्टकार्ड आलं त्या आठवड्यात बाबांनी जाहीर केलं की तिला मी समुद्रातून भावाकडे नेणार.

आई हसली. मचव्यावर संडासाची सोय नसते; पुरुष कडेला उभे राहतात, नाहीतर मागच्या दोराला धरून लोंबकळतात, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. खलाशाच्या घरातल्या बायका जन्मभर समुद्र बघतात तो काठावरून, याचं खरं कारण एवढंच आहे. बाबा म्हणाले, मी कमोड बसवतो, हातपंपाचा, जहाजावर असतो तसा. तेव्हा आईने अट घातली. "पुनवेला ज्याला नारळ देतो, त्यात मी घाण सोडायची नाही." शिवाय ओहोटीला खाडीत बायका कालवं काढायला उतरतात, त्यांच्या पायांत हे जायचं नाही. बाबांनी सांगून पाहिलं की सगळ्या जगाची जहाजं समुद्रातच सोडतात. ती म्हणाली, सोडू देत. मला वाटतं, विषय संपावा म्हणूनच तिने ती अट घातली होती. पण बाबांना अट म्हणजे काम वाटायचं.

मचवा भाट्याच्या खाडीत, तांडेलाच्या माडांच्या वाडीला लागून बांधलेला असे. तांडेल म्हणजे बाबांचा लहानपणचा सोबती, शिडाच्या गलबतांवर आयुष्य काढलेला माणूस. दोघं मिळून महिनाभर त्या संडासामागे होते. आधी लोखंडी पत्र्याची टाकी केली, ती पहिल्याच पाण्यात सांध्याला पाझरली. मग कुठल्याशा कारखान्यातून एक निळं प्लास्टिकचं पिंप आलं, मिठाच्या पाण्यात कैऱ्या मुरवून ठेवायचं. ते फळ्यांखाली आडवं घालून काथ्याने आवळलं. वर फळ्यांची खोली, कपाटाएवढी, आत कडी. मुंबईच्या भंगारातून आणलेला पांढरा कमोड, शेजारी पितळी दांड्याचा पंप. दांडा वरखाली केला की समुद्राचं पाणी आत येई आणि सगळं धुऊन पिंपात नेई.

चाचणीच्या दिवशी आईला खास बोलावलं होतं. बाबांनी दहाबारा वेळा दांडा मारला, मग तो जड झाला, आणि मग आतलं सगळं पाणी उसळून त्यांच्या तोंडावर आलं. पिंपातली हवा बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती. तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेला माणूस! तांडेल काठावरून म्हणाला, "मिस्त्री, संडासालापण खिडकी लागते हो." आई माडाखाली बसली होती, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी हवेसाठी एक नळी डोलकाठीला बांधून वर नेली.

मग पिंप रिकामं कसं करायचं ते बाबांनी दाखवलं. त्याला दुसरा पंप, आणि लांब रबरी नळी काठापर्यंत. एकाने आत बसून पंप मारायचा, दुसऱ्याने काठावर नळीचं तोंड बादलीत दाबून धरायचं, आणि बादली नेऊन माडाच्या मुळाशी खणलेल्या खड्ड्यात ओतायची. एकट्याचं काम नाही. नळी त्यांनी माझ्या हातात दिली. तेव्हा नुसतं पाणीच होतं, तरी मी ती खाली टाकली.

मी का तशी वागले ते मला आज नीट सांगता येतं. आमच्या गल्लीत तोवर टोपलीचे संडास होते. रोज सकाळी एक बाई मैला उचलायला मागच्या बोळाने यायची, आणि ती आली की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. शाळेत असताना एकदा मी तिच्यासमोर आले आणि तिने भिंतीकडे तोंड केलं, माझ्यासाठी. त्या बोळातून चालणारी बाई मीच आहे, असं मला नळी हातात घेताना वाटलं. कचेरीत कळलं तर काय, हेही होतंच. मी बाबांना म्हटलं की असलं काम आपल्या घरात कुणी केलं नाही. बाबा म्हणाले, आपली घाण दुसऱ्याने काढायची हे कुठलं शहाणपण. त्यावर मी मोठ्याने म्हणाले, "मी नाही उपसणार कुणाची घाण. आईची असली तरी नाही."

आई आठदहा पावलांवर सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली की भावाला न्यायला फणसाची साठं घेऊ या, भिजवून दिली की त्याला चावायला नको. मला हायसं वाटलं, तिने ऐकलं नाही म्हणून.

माघात निघालो. बाबा, तांडेल, आई आणि मी. वारा पाठीशी होता, पांढरं शीड भरून मचवा दक्षिणेला सरळ निघाला. आईला शिडाच्या सावलीत गादी घालून दिली होती. मांडवीचा धक्का दिसेनासा झाला तेव्हा ती म्हणाली, "इथून आपलं घर दिसत नाही. बरं वाटतं." असं काही ती बोलेल हे मला माहीतच नव्हतं. गोळ्यांची पाकिटं बाबांनी निघताना तिच्या पिशवीत स्वतः ठेवली होती. तासाभराने ती उठली, खोलीत गेली, कडी लावली. मग पंपाचा आवाज आला, आठदहा वेळा, सावकाश. सुकाणूवर बसलेल्या बाबांनी तांडेलाकडे बघून भुवया उडवल्या. त्यानंतर दर तासाला तेच. ती उठायची, कडी, पंप. प्रत्येक वेळी बाबांचा चेहरा उजळायचा. मी मात्र सवयीप्रमाणे पाणी प्यायले नाही आणि त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही.

मामाने तिला ओळखलं. त्याचा एकच हात हलत होता, तो त्याने तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. दोन दिवस ती त्याच्या उशाशी होती, तिथून उठायला तयार नव्हती. साठं पाण्यात भिजवून त्याला भरवत होती आणि लहानपणचं काहीबाही बोलत होती. तो ऐकत होता. निघताना दोघंही रडली नाहीत. मीच रडले.

परतताना वारा समोरून. पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर थोडं पुढे सरकायचं, दुपारी किनाऱ्याला लागायचं. दोन दिवस लागले. मधला मुक्काम पूर्णगडला तांडेलाच्या ओळखीच्या घरी. आईच्या चपला पायांत जाईनात. मला वाटलं, बसून बसून पाय सुजले. पंपाचा आवाज मात्र दर तासाला येत होता. भाट्याला उतरल्यावर वाडीचा चढ तिला चढवेना. चार पावलं टाकली की ती थांबायची आणि माडाला हात लावून आम्हाला म्हणायची, तुम्ही व्हा पुढे.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का. बाबा म्हणाले, एकही नाही. लघवी होत होती का. "दर तासाला. मी स्वतः ऐकत होतो," बाबा म्हणाले. आई डोळे मिटून पडली होती. अंगात पाणी भरलं होतं, ते छातीपर्यंत चढलं. आठव्या दिवशी दुपारी ती गेली.

दहाव्याच्या आधी मी तिची प्रवासाची पिशवी रिकामी केली. मामीने दिलेलं नवं खणाचं कापड, पोस्टकार्ड, आणि कागदाच्या पुडीत पाकिटातून काढलेल्या दहा गोळ्या. जादा दिल्या असतील, असं वाटून मी त्या फळीवर ठेवून दिल्या.

तेरावा झाल्यावर बाबा म्हणाले, पिंप रिकामं करायला हवं, फार दिवस झाले. तू येऊ नको, तांडेलाला सांगतो. मी म्हटलं, मी येते. तिच्यासाठी शेवटचं काही करायचं राहिलं असेल तर ते हेच, असं मला वाटत होतं. बाबा आत पंपाशी बसले. मी काठावर नळीचं तोंड बादलीत दाबून धरलं आणि मान फिरवली.

पाणी आलं. वास आला नाही. थोडासा कैरीचा आला. मी बादलीत पाहिलं तर तळ दिसत होता. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारं होतं. समुद्राचं पाणी, बाकी काही नाही.

ती खोलीत जायची, कडी लावायची, बाबांसाठी पंप मारायची आणि बाहेर यायची. गोळ्या घेतल्याच नव्हत्या, पाणी प्यायलीच नव्हती. बाबांची मेहनत फुकट जाऊ नये आणि माझ्या हाताला काही लागू नये, एवढं तिने पाच दिवस सांभाळलं होतं. सुपातले तांदूळ निवडताना तिने सगळं ऐकलं होतं.

आतून बाबांनी पंप थांबवला. "काय गो बाय, फार वास येतो काय?"

मी पदर नाकाला लावला. त्यांनी डोकं बाहेर काढलं तर दिसावं म्हणून घट्ट लावला. म्हटलं, "येतो."

"भरलेलं होतं काय?"

"गळ्यापर्यंत, बाबा."

ते म्हणाले, "म्हणजे कामास आलं तिच्या." आणि पुन्हा पंप मारू लागले.

सहा बादल्या निघाल्या. सगळ्या मी एकटीने नेऊन माडाच्या मुळाशी ओतल्या, आणि शेवटच्या बादलीपर्यंत नाकावरचा पदर काढला नाही.