खापरीवरचं नाव

आठवीचा इतिहास माझ्याकडे होता तेव्हा पोरं जांभया द्यायची, पण पास व्हायची. मग उदगीरहून एक तरुण शिक्षिका संतपूरच्या आमच्या शाळेत आली. हेडमास्तरांनी आठवी तिला दिली, मला सातवी. दहावीला इतिहास शिकवणारे गुरुजी उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांचा वर्ग मला हवा होता, आणि तिलाही.

आमच्या दोन वर्गांत नुसती पत्र्याची भिंत. तिचं सगळं मला ऐकू यायचं. ग्रीक-इराणी युद्धाचा धडा मी कारणं, घटना, परिणाम असा फळ्यावर उतरवून द्यायची. तिनं बाकं सरकवून जहाजं केली.

"बाई, इराणी म्हंजे बिदरचे च्या-हाटेलवाले का?" एका पोरानं विचारलं.

"व्हय, त्यांचेच पूर्वज. पण तवा च्या पाजायला आले नव्हते!"

वर्ग हसला. पत्र्याला कान लावून बसलेली माझी सातवीही हसली. मी असते तर त्या पोराला बाकावर उभं केलं असतं.

अथेन्समध्ये एखादा माणूस फार मोठा झाला की लोक खापरीवर त्याचं नाव लिहून त्याला शहराबाहेर घालवत. इराण्यांना हरवणारे पुढारीही त्यातून सुटले नाहीत. परीक्षेला येत नाही म्हणून हा भाग मी गाळायची. तिनं कुंभाराकडून पोतंभर खापऱ्या आणल्या.

"याला म्हणायचं तडीपार. आपल्या शाळेतल्या कुठल्या मास्तरला, कुठल्या बाईला तडीपार करायचं, लिहा. भिऊ नका."

हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. मलाही हाक मारली, "या बाई, गंमत बघा."

माझंच नाव निघणार याची मला खात्री होती. छड्या मी कमी मारल्या नव्हत्या. खापऱ्या वाचायला सुरुवात झाली. तिचं नाव. पुन्हा तिचं. एक हेडमास्तरांचं निघालं, ते पोट धरून हसले. मग परत तिचंच. माझं एकही नाही.

ती गोंधळली. "मला कामून घालवायलाव रे?"

पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "तुमीच सांगितलंव की बाई, जो लई मोठा झाला त्याचं नाव लिवायचं."

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

"अक्का, तुम्ही सुटलात बघा!" ती मला म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं की. तुला कुनी काढलं न्हाई."

"काढायला आधी डोळ्यात भरावं लागतं," मी म्हणाले आणि भाकरी तव्यावर टाकली.

जूनमध्ये दहावी तिला मिळाली. काही हरकत आहे का, असं हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं. मी नाही म्हणाले. हरकत होती. पण मला हाकलून द्यावं असंसुद्धा एकाही पोराला वाटलं नाही, ही तक्रार कुठल्या तोंडानं करायची?