नाव उसवायला तीन दिवस

माझी आत्या स्टेडियमच्या चार नंबर गेटसमोर जर्सीवर नावं शिवते. सत्तावीस वर्षं हेच. बाकीची दुकानं हल्ली नावं छापतात. यंत्र दाबलं की दोन मिनिटांत नाव तयार, आणि पाचव्या धुण्याला अर्धं गायब. आत्या कापडातून अक्षरं कापते, पाठीवर मांडते आणि मशीनवर चारी बाजूंनी टाका घालते. जर्सी विटते, फाटते, पण आत्याने शिवलेलं नाव हलत नाही. म्हणूनच ते काढायचं झालं तर लोकांना पुन्हा तिच्याचकडे यावं लागतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमचं ऑफिस तिच्या दुकानापासून दोन इमारती सोडून, त्यामुळे अकरा वर्षं दुपारचा डबा मी तिच्याकडेच खातो. दुकान म्हणजे एक लांबट बोळ. खिडकीशी मशीन, भिंतीला अक्षरांचे उथळ खण, मागे कपडे घालून बघायला पडदा लावलेली एवढीशी जागा. आत्या खणाकडे न बघता हात घालते आणि हवं ते अक्षर बाहेर काढते. एकदा मी मुद्दाम दोन खणांची अदलाबदल केली. तिने अक्षर बोटांनी चाचपलं, परत ठेवलं, बरोबर दुसऱ्या खणात हात घातला आणि मला म्हणाली, "लिफ्टमधे पण असेच चाळे करतोस का रे? लोक अडकत असतील." त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला.

तिचा एकच नियम आहे. नाव शिवायचं असेल तर तासाभरात देईन. काढायचं असेल तर तीन दिवसांनी या. समोर कोणीही असो. सुरुवातीच्या वर्षात एक माणूस डोक्यात राख घालून आला होता. खेळाडूने सोपा गोल घालवला, त्याचं नाव आत्ताच्या आत्ता काढा म्हणाला. आत्याने काढलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस डोळे सुजवून दारात उभा. तो खेळाडू त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. आत्याने नाव परत शिवलं, पण कापडाला सुईची भोकं पडली होती, अक्षरं वाकडी बसली. "ते वाकडं नाव तो पुढे सात वर्षं घालून येत होता," आत्या सांगते, "आणि मला दर मॅचला ते बघावं लागत होतं."

यंदा पुरुषांच्या टीमने फायनल घालवली. आमचा गोलकीपर, ज्याला सगळे खांब म्हणतात, त्याच्याकडे आपल्याच माणसाने सावकाश चेंडू परत दिला. तो त्याच्या पायाखालून गेला. आत. शेवटच्या चार मिनिटांत. त्याच मोसमात खांबाने तीन पेनल्ट्या अडवून आम्हाला फायनलपर्यंत आणलं होतं, पण गरज सरो, वैद्य मरो. सोमवारी सकाळी आत्याच्या दारात रांग लागली. मी त्या रांगेत सातवा होतो. लाज वाटते, पण होतो. माझी जर्सी हातात घेताना आत्याने मला ओळखसुद्धा दाखवली नाही. चिठ्ठी टाचली, फळीवर ठेवली आणि म्हणाली, "गुरुवारी. चला, पुढचा."

त्या दिवशी पुरुषांनी आणलेल्या चौसष्ट जर्स्या जमा झाल्या. शिव्या तर विचारू नका. गुरुवारी त्यातले निम्म्याहून जास्त लोक मान खाली घालून आले आणि "राहू द्या, आत्या" म्हणून नावासकट जर्सी घेऊन गेले. मीही त्यातलाच. बायका आल्या फक्त नऊ. त्या शांतपणे आल्या, शांतपणे देऊन गेल्या. मला वाटलं, बायकांचं मन मऊ, तीन दिवसांत सगळ्या विरघळतील. नवातल्या आठ जणींनी गुरुवारी येऊन सांगितलं, "काढा."

मी चाट पडलो. "एवढा राग? चेंडू तर कुणाच्याही हातून सुटतो."

"चेंडूचं कोण बोलतंय?" आत्या टाके उसवायची आकडी चालवत म्हणाली. "चेंडू आत गेल्यावर त्याने बोट कुणाकडे दाखवलं?"

मला आठवलं. खांबाने उठून चेंडू देणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं होतं, अख्ख्या स्टेडियमसमोर. आम्ही चौसष्ट जणांनी ते पाहिलं होतं, पण आमच्या खिजगणतीतही नव्हतं. आम्हाला कप गेल्याचं दुःख. त्या आठ जणींना ते बोट खुपलं होतं.

आत्या यातून सिद्धांत काढत नाही. मी काढायला गेलो तर म्हणाली, "लगेच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. मागे एकदा एक बाई तर स्वतःची कात्री घेऊन आली होती. आणि एक पुरुष त्या बोटासाठीच आला होता. पण सत्तावीस वर्षांत फळी मला जे दाखवते, ते मी बघते." एवढं बोलून तिने मला डबा संपवायला लावला.

तीन आठवड्यांनी मुलींच्या टीमची फायनल झाली. पहिल्यांदाच त्या इथपर्यंत आल्या होत्या. स्टेडियम निम्मं भरलं, तेही आमच्यासारख्या हौशी लोकांनी. बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि आम्हाला पेनल्टी. कॅप्टनने घेतली. चेंडू बारवरून थेट प्रेक्षकांत. आम्ही हसलो. कॅप्टनने डोक्याला हात लावला आणि तीही हसली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, पोरींनी इथवर मजल मारली हेच खूप झालं." पुढे जादा वेळेत त्या हरल्या. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आपल्या मनाच्या मोठेपणावर खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी आत्याच्या दारात चिटपाखरू नव्हतं. मी डबा उघडत म्हणालो, "बघ आत्या, माणसं सुधारली. पेनल्टी घालवली तरी एकही माणूस नाव काढायला आला नाही."

आत्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग फळीवरची एकुलती एक जर्सी दाखवली. "एक आलीय," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला कॅप्टन दुकानात आली. नऊ वर्षं टीममधे असलेली मुलगी, पण एवढ्या जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. तिने पिशवीतून पाच जर्स्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. पाचही तिच्या स्वतःच्या नावाच्या. आमच्या क्लबमधे खेळाडू कायमचा सोडून जाताना जर्स्या परत करतो, आणि त्याआधी त्यांवरचं नाव आत्याकडून काढून घेतो. म्हणजे तिने तोंड उघडायच्या आधीच आम्हाला कळलं.

"काढायची आहेत, आत्या."

"का गं?"

कॅप्टनने फळीकडे पाहिलं. "खांबाच्या वेळी इथे रस्त्यापर्यंत रांग होती. मी प्रॅक्टिसवरून जाताना पाहिली. त्याला दोन आठवडे घराबाहेर पडता आलं नाही. मला काल बाजारात एकाने थांबवलं. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने माझ्याबरोबर फोटो काढला आणि म्हणाला, काही हरकत नाही, छान खेळता तुम्ही." तिने रिकाम्या पिशवीची घडी केली. "कप गेला, आत्या. माझ्यामुळे गेला. आणि कुणाची काही हरकतच नाही. मग मी नऊ वर्षं कुणासाठी धावत होते? चार शिव्या पडल्या असत्या तर राहिले असते मी."

मी डबा बाजूला सारला. त्या मोठ्या मनाच्या टाळ्यांत दोन हात माझेही होते.

मला वाटलं, आत्या आता तिची समजूत काढील. आत्याने घड्याळाकडे पाहिलं. "बस जरा. चहा घे," ती म्हणाली. चहा ओतताना तिने पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून आठ मिनिटं झाली होती.

एक वाजून दहा मिनिटांनी बसची ड्रायव्हर आत आली. खाकी शर्ट, मनगटाला घामाचा रुमाल, पन्नाशीच्या आसपासची. तिची बस समोरच्या थांब्यावर बारा मिनिटं थांबते, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मला आत्ता कुठे उमगलं, की आत्याने कॅप्टनला चहाला का बसवलं होतं.

"आत्या, तीन दिवस झाले," ड्रायव्हर म्हणाली. "राग होता तसाच आहे. काढा." मग तिची नजर स्टुलावर बसलेल्या मुलीकडे गेली. कुणी दुसरं असतं तर गडबडलं असतं, सारवासारव केली असती. ती नीट पाय रोवून उभी राहिली.

"बरं झालं भेटलीस. माझ्या जर्सीवर तुझं नाव आहे. चार वर्षं. आज काढून टाकतेय."

कॅप्टन उठून उभी राहिली. "पेनल्टीमुळे?"

"पेनल्टी हुकते. मी पण एकदा बस दुभाजकावर चढवलीय. तू हसलीस का?"

कॅप्टनने हातातला कप टेबलावर ठेवला.

"फायनलसाठी मी दोन ड्युट्या बदलून घेतल्या," ड्रायव्हर म्हणाली. "घरी सगळे म्हणत होते, मुलींच्या मॅचला कोण जातं? मी म्हटलं, मी जाते. तू चेंडू वर मारलास तेव्हा मी कपाळाला हात लावून बसले. आणि तू हसलीस. घरी गेल्यावर नवरा म्हणतो, बघ, तिलाच काही वाटत नाही, तू कशाला तोंड पाडून बसलीस? आणि मला उत्तर देता आलं नाही. चार दिवस झाले, शोधतेय. आता मी तुला माफ करून सोडून दिलं, तर त्याचंच खरं होईल."

आम्ही हजारो लोकांनी टाळ्या वाजवून त्या मुलीला माफ केलं होतं, आणि तिच्या नावाची किंमत एवढ्या मोठ्या शहरात एका बाईला कळली होती. तीही तिच्यावर संतापलेली.

"सगळे हसत होते," कॅप्टन हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, मी रडले तर म्हणतील, बघा, मुली रडतातच. म्हणून हसले."

ड्रायव्हरने मान हलवली. तिला ते समजलं, हे दिसत होतं. पण तिने जर्सीकडेच बोट दाखवलं. "काढा, आत्या."

आत्याने जर्सी टेबलावर पसरली, आकडी उचलली. तेवढ्यात कॅप्टनने हात पुढे केला. "मी काढते."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि आकडी दिली. आत्या कुणालाच हत्यार देत नाही. मला तर हातही लावू देत नाही. कॅप्टन खाली वाकून एकेक टाका तोडायला लागली. हात सवयीचा नव्हता, कापड खेचलं जात होतं. आत्याने एकदाच तिचं मनगट धरून वळवलं, "असं, तिरकं," आणि सोडून दिलं. मदत केली नाही. ड्रायव्हर हाताची घडी घालून बघत होती. पहिलं अक्षर निघालं. त्याच्याखालचं कापड न विटलेलं, नव्यासारखं निघालं. चार वर्षांचं ऊन तिथे पोचलं नव्हतं. दुसरं अक्षर निघालं. कॅप्टनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. हसतही नव्हती.

मी अनेक मॅचेस पाहिल्या. जिंकणारे पाहिले, कप उचलणारे पाहिले. त्या बोळासारख्या दुकानात या तिघी ज्या गांभीर्याने एका नावाकडे बघत होत्या, तसं मी स्टेडियममधे कधी पाहिलं नाही. मला तिथे बसायचासुद्धा संकोच वाटायला लागला.

तिसऱ्या अक्षराचे टाके अर्धे तुटले असताना बाहेरून कंडक्टरने हाक मारली. बारा मिनिटं संपली होती. ड्रायव्हरने जर्सी टेबलावरून ओढून घेतली.

"अजून तीन अक्षरं आहेत," कॅप्टन म्हणाली. "परत येताना थांबाल? मी पूर्ण करून ठेवते."

ड्रायव्हरने जर्सी शर्टावरूनच अंगात चढवली. पाठीवर अर्धं नाव, एक अक्षर कडेने लोंबणारं. दाराशी जाऊन ती वळली.

"उरलेलं राहू दे. पुढच्या महिन्यात नव्या मोसमाची पहिली मॅच आहे ना? मी गोलच्या मागे बसते. चुकलीस, तर तिथून एवढ्या जोरात ओरडेन की तुला घरापर्यंत ऐकू येईल."

"ओरडा," कॅप्टन म्हणाली, आणि टेबलावरच्या स्वतःच्या पाचही जर्स्या तिने काखोटीला मारल्या.