बिराप्पाच्या घरची जाड भाकरी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. नळदुर्ग. सकाळी नळाला पाणी आले. शेजारच्या शिवकन्येला पाहायला तेरचे पाहुणे आले. तिच्या आईने, सिताबाईने, मलाही जेवायला बोलावले.

सिताबाईचा नवरा बिराप्पा शाळेत शिपाई आहे. मुलगी नर्सिंगला, मुलगा बारावीला, आणि भाकरीची पाळी दोघांनाही. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी केक शिकवला; भाकरी सासरी आल्यावर आली. त्यामुळे या घराचे मला फार कुतूहल. एकदा बिराप्पाला विचारलेच.

"आय लवकर गेली, बाई. बा मेंढरं वळायचा, म्या थापायचो. पोरांना भाकरी आली की मला घोर न्हाय."

पण त्याने शिकवली ती मेंढरांमागची, बोटभर जाड. पातळ भाकरीचा म्हणे फडक्यात दुसऱ्या दिवशी चुरा होतो. सिताबाई सारखी बजावायची, "पोरगी नांदायला जायचीय, मेंढरांमागं न्हाय." मुलीचा हात काही बदलला नाही.

हे स्थळ शिवकन्येला मनापासून आवडलेले. म्हणून आज सिताबाई स्वतःच थापणार होती. मुलीने ऐकले नाही. "खाऊ दे की माझ्याच हातची."

पंगतीत नवऱ्या मुलाच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, भाकरी उचलून उलटसुलट पाहिली.

"कुणी केली ही? गड्याच्या हातची वाटती."

सिताबाईचा चेहरा उतरला.

"मीच केली," शिवकन्या दारातून म्हणाली. "पप्पांनी शिकवली."

"आन् तुमाला कुणी, पाव्हणं?" लक्ष्मीबाईंनी बिराप्पाला विचारले.

बिराप्पाने सगळे सांगितले. लक्ष्मीबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या मुलाकडे वळल्या. "शिवराज, तुला काय येतं रं?"

"चहा येतो."

"ही दवाखान्यात रातपाळीला गेली की चहात काय बुडवशील?"

सगळे हसले. शिवकन्या म्हणाली, "शिकून घ्या की. पप्पा शिकवतील."

शिवराज लाजला, पण त्याने विचारले, "कवा येऊ, मामा?"

"या पुढल्या रविवारी. पर पातळ मला येत न्हाय बरं का."

"जाडच चालती," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि आणखी एक मागून घेतली.

मला मात्र अजून विचारायचे आहे, तव्यावर टाकताना ती जाड भाकरी मोडत कशी नाही?

संध्याकाळी सिताबाई पुढल्या रविवारसाठी माझी पितळी परात घेऊन गेली. त्यांच्याकडे एकच आहे.